राखणीची होडी

भाईंदर पश्चिमेच्या जेटीवरून दिसतं त्या बेटावर माझी मावशी राहते. तिच्या मुलाला मीरा रोडची एक मुलगी पसंत पडली. मुलीच्या वडिलांना घर दाखवायला मी घेऊन गेले. आमच्याकडे ने-आण करायची कामं माझ्याकडेच येतात.

जाताना भरती होती, त्यामुळे लाँच थेट बेटाच्या धक्क्याला लागली. दुपारची जेवणं उरकून आम्ही चहा घेत असताना बेटावरच्या रेल्वेपुलावरून गाडी धडधडत गेली.

"गाडी डोक्यावरून जातेय, मग इथे थांबत का नाही?" वडिलांनी विचारलं.

"थांबली असती तर तुम्ही चहा अर्धा टाकून पळाला असतात," मावशी म्हणाली.

ते हसले नाहीत. "रात्री माझ्या मुलीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?"

मावशी त्यांना अंगणाच्या टोकाशी घेऊन गेली. ओहोटीने धक्क्यापाशी नुसता चिखल उरला होता, पण लांब खोल पाण्यात एक होडी उभी होती.

"ती राखणीची होडी. मासेमारीला कधी जात न्हाय. रोज एकेका घराकडे तिची राखण. हाक आली की त्या घरचा माणूस निघतो."

"आज कोणाकडे?"

"आमच्याकडेच हाय."

लाँच आता पुढच्या भरतीशिवाय येणार नव्हती. मावशीच्या मुलाने चिखलावर फळ्या टाकल्या, वडिलांना हात धरून होडीत बसवलं आणि आम्हाला भाईंदरपर्यंत वल्हवत आणलं.

उतरल्यावर वडील मला म्हणाले, "बेटापर्यंत रस्त्याचा पूल झालाच पाहिजे. अर्ज करा, मीपण सही करतो." मग ते मुलाकडे वळले. "साखरपुडा भरती बघून ठरवा. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत."