खिडकीवाल्या मावशी आणि उशिराचं रजिस्टर

आमच्या शाळेच्या ऑफिसात एकच खिडकी आहे आणि त्या खिडकीत बावीस वर्षं एकच बाई बसतात. कागदोपत्री त्या कारकून. मुलांच्या तोंडी खिडकीवाल्या मावशी. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, आणि तरी रोज सकाळी चष्मा शोधायचा.

त्यांचा एक जगावेगळा नियम होता. अवघड विषय सोडायचा फॉर्म भरून आणणाऱ्याला आधी बाकावर बसवायचं. "कुठे अडलं ते मला समजावून सांग. मला कळलं नाही तर फॉर्म घेणार नाही." मावशींचं स्वतःचं गणित आठवीत सुटलेलं, त्यामुळे कळण्याची शक्यता शून्य! निम्मी मुलं समजावता समजावता स्वतःच समजून परत जायची.

मला हा प्रकार अजिबात पटत नसे. मी वरच्या पातळीचं गणित शिकवतो, डोकं तापट आहे, आणि ज्याला झेपत नाही त्याने वेळीच बाजूला व्हावं असं माझं स्पष्ट मत होतं. म्हणून एका शिंपीणबाईंच्या मुलीच्या फॉर्मवर मी डोळे झाकून सही केली. चाचणीत वीसपैकी चार गुण. तिला जमीनमोजणीचा अभ्यासक्रम करायचा होता आणि या गणिताशिवाय तिथे प्रवेश नव्हता. पण चार म्हणजे चार. फॉर्म देण्याची शेवटची तारीख होती शुक्रवार.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मावशींनी मला ऑफिसात बोलावलं. मुलगी बाकावर बसली होती, मांडीवर वही.

"सर, हिने मला पाच उदाहरणं समजावली. शेवटची पायरी मलासुद्धा कळली. पहिली मात्र हिलाच येत नाही. पाचही वेळा तेच!"

"मग कच्चीच आहे ना!" मी म्हणालो.

मावशींनी उशिराचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "तुमचा जादा तास सातला. ही रोज सात वाजून वीस मिनिटांनी फाटकात. नवीन धडा तुम्ही कधी शिकवता?"

पहिल्या वीस मिनिटांत. नंतर सराव.

मुलगी हळूच म्हणाली, "आई सहाला कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जाते. धाकट्याची बालवाडी सातला उघडते. त्याला सोडून येते, सर."

"अगं, मग आधी सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. नुसते ओरडलात."

तोंडात मारल्यासारखं झालं. लाज वाटली, आणि ती लपवायला मी उगाच रजिस्टरची पानं चाळत राहिलो.

शुक्रवार गेला, मावशींनी फॉर्म पुढे पाठवलाच नाही. सोमवारपासून मी तास उलटा केला. आधी कालच्या धड्याचा सराव, साडेसातला नवीन धडा. ना पैसा लागला, ना कुणाची परवानगी. मागचे बुडलेले धडे मधल्या सुट्टीत, मावशींच्याच बाकावर. मावशी शिक्के मारता मारता मध्येच विचारत, "हे असं का?" आणि मुलगी त्यांना सांगे. मी चूक सुधारायला तोंड उघडलं की मावशी डोळे वटारत. "तिला बोलू द्या हो!"

वार्षिक परीक्षेत तिला शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर गुण मिळाले. निकाल सांगायला ती खिडकीशी धावत आली तेव्हा मावशींना चष्मा सापडेना. तो गळ्यातच होता, फक्त डोळे भरून आल्यामुळे दिसत नव्हता.

मुलगी गेल्यावर मी जवळ गेलो. "मावशी, तो फॉर्म अजून तुमच्याकडे असेल. माझी सही आहे त्यावर. फाडून टाका."

"कशाला फाडू?" त्यांनी खण उघडला. फॉर्म सगळ्यात वरच होता. "मी आठवीत गणित सोडलं तेव्हा का म्हणून कुणीही विचारलं नव्हतं. आता तुम्ही पुन्हा कुणाला कच्ची म्हणालात की हाच काढून दाखवणार आहे."

तीन वर्षं झाली. मावशींना तो अजून एकदाही काढावा लागलेला नाही. खणाला हात मात्र दोनदा गेला होता.