सर्व्हरच्या खोलीतला उंदीर

मुक्ता, नील — उंदराची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आजीच्या कारखान्यात उंदीर शिरला, त्याने वायर कुरतडली आणि गेटवर ट्रकची ही लांब रांग लागली. नीलने लहानपणी काढलेलं त्या चष्मा घातलेल्या उंदराचं चित्र अजून माझ्या फ्रिजवर आहे. पण त्या दिवशी खरं काय झालं, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. ते गेले ते उंदरावर विश्वास ठेवूनच गेले.

मग आज का? मुक्ता, परवा तू फोनवर सांगत होतीस — ऑफिसात दोन लोड बॅलन्सर बसवतेय, दोघांना मिळून एकच पत्ता, एक पडलं तर दुसरं सांभाळेल. मी विचारलं, "वायर काढून पाहिलीस का? आणि कुठली काढलीस?" तू हसलीस. "आजी, तू ना!" फोन ठेवला आणि ठरवलं, आता सांगायचंच.

नील, तुला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगते. सायली गावातल्या आमच्या सूत कारखान्यात गेटपास कॉम्प्युटरवर निघायचा. तो हातात आल्याशिवाय ट्रक हलत नसे. ते काम करणारे सर्व्हर वेगळे, आणि त्यांच्यापुढे कामाची वाटणी करणारं एक मशीन — लोड बॅलन्सर. पण तेच बंद पडलं तर? म्हणून तसंच दुसरं आणलं, आणि दोघांना नेटवर्कवरचा एक सामाईक पत्ता दिला. तो एका वेळी एकाकडेच असतो. बाकीचा कारखाना फक्त पत्ता ओळखतो. त्यामागे कोण बसलंय, त्याला कळतही नाही. पहिलं मशीन दुसऱ्याला सतत कळवत राहतं — मी आहे, मी आहे, मी आहे. ते ऐकू येईनासं झालं की दुसरं समजतं, हे गेलं. आणि पत्ता स्वतःकडे घेतं. किती साधं! मला त्याचं अजून कौतुक वाटतं. हे "मी आहे" जावं म्हणून दोन मशिनांमध्ये मी एक वेगळी निळी वायर टाकली होती.

सगळी मांडणी माझी. लेबलं लावलेली, वायरी विंचरल्यासारख्या — माझ्या स्वयंपाकघरातले डबे तुम्ही पाहिलेच आहेत. आणि परीखसाहेबांना, आमच्या मॅनेजरना, मी सांगितलं की टेस्ट केलं आहे.

केलं नव्हतं. त्यासाठी गेटपास थोडा वेळ थांबवावे लागले असते, परवानगी मागावी लागली असती. कागदावर तर सगळं बरोबर होतं. मग चालणारच — नाही का?

पण खोटं बोलल्यावर एक गंमत होते. उत्सुकता आपल्याला सोडत नाही. रोज त्या खोलीत गेले की वाटायचं, खरंच घेईल का हे दुसरं पत्ता? कसं घेत असेल? पाहायला तर हवं!

आता रेखाबद्दल सांगते. रेखा आमच्याकडे ठेकेदारामार्फत ऑपरेटर होती. शिरपूरकडची. बारावीनंतर खडोलीच्या प्लॅस्टिकच्या युनिटमध्ये उभ्याने काम केलं, मग स्वतःच कॉम्प्युटर शिकली. खुर्चीवर बसून काम करायला मिळतं, याचं तिला फार अप्रूप होतं. पहिल्या दिवशी ती खुर्ची गोल फिरवून बघत होती आणि मी आले तशी लाजली. सगळे मला गुजराती पद्धतीने बेन म्हणत. ती एकटी ताई म्हणायची. उन्हाळ्यात भाजी आंबते म्हणून ती आपला स्टीलचा डबा सर्व्हरच्या खोलीत ठेवायची, एसीत. "मशीनले गारवा, न् माणूसले घाम!" असं म्हणून स्वतःच हसायची. खायचे पदार्थ आत आणायला मनाई होती. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची. तिच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीतला तुकडा मलाही मिळायचा ना.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच आत गेले. पहिल्या मशीनची बाहेर जाणारी मोठी वायर काढायचं धाडस होईना. मग सुचलं — पहिलं मशीन बंद कशाला पाडायचं? दुसऱ्याला नुसतं वाटलं की ते गेलं, तरी पुरे. म्हणून मी ती निळी वायर ओढली.

मुक्ता, तुझ्या लक्षात आलं असेल. दुसऱ्याला वाटलं, पहिलं गेलं. त्याने पत्ता घेतला. पण पहिलं कुठे गेलं होतं? ते तर धडधाकट होतं, आणि पत्ता त्याच्याकडेही होताच. दोघंही म्हणू लागली, मीच तो. अर्धी कामं इकडे, अर्धी तिकडे. गेटपास अर्धवट निघून अडकायला लागले. मी घाबरून वायर परत लावली. दुसऱ्याने पत्ता सोडला — पण बाहेरची यंत्रणा अजून कामं दुसऱ्याकडेच पाठवत होती, आणि तिकडे आता ती घ्यायला कुणी नव्हतं. सगळं रुळावर येईपर्यंत ट्रकची रांग रस्त्यावर गेली होती. हॉर्न आतपर्यंत ऐकू येत होते.

परीखसाहेब धावत आले. "बेन, आ शुं थयुं? टेस्ट तो किया था ना आपने?"

"किया था," मी म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, "चूहा. वायर कुतर दी."

उंदीरच का सुचला? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, उंदराला नोकरी नसते म्हणून. त्याच्यावर ढकललं तर कुणाचं काही जात नाही, असा माझा हिशोब.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. कपाटावर डबा होता. "ये किसका है?"

"रेखाचा," मी म्हटलं.

त्या दुपारी मी बोललेलं तेवढंच खरं होतं.

साहेब बाहेर गेल्यावर मी निळी वायर काढून तिथे नवी लावली. जुनीवर दात उमटलेले नव्हते ना. ती पर्समध्ये घातली.

आठवडा संपायच्या आत ठेकेदाराने रेखाला कमी केलं. जाताना ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता ही बोलणार. ती म्हणाली, "ताई, झाकण तर मी घट्टच लावत होती. तरी वासाने आला असेल. तुमची एवढी मेहनत वाया गेली, माफ करा." मी — मी माफ केलं. खरंच. "असू दे गं," म्हटलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरीकडे कुठे काम असलं तर बघाल का, असं तिने विचारलं. बघते म्हटलं. बघितलं नाही. तिला कुठे चिकटवलं असतं तर ती रोज भेटली असती.

पुढे एका रविवारी साहेबांना विचारून, सर्वांना सांगून मी रीतसर टेस्ट केलं. "मी आहे" जायला दोन वाटा ठेवल्या होत्या आता. पहिलं मशीन बंद केलं. दुसऱ्याने पत्ता घेतला, इतक्या सहज की गेटवरच्या माणसाला कळलंही नाही. साहेबांनी फाफडा-जिलेबी मागवली. मी खाल्ली. चांगली लागली, हेही सांगायला हवं.

रेखा मला एकदाच दिसली, दुसऱ्या एका कारखान्याची शिफ्ट सुटताना, पॅकिंगच्या बायकांच्या घोळक्यात. डोक्यावर कापडी टोपी, पाय सुजलेले. तिने लांबूनच हात हलवला. मीही हलवला, आणि रिक्षावाल्याला चल म्हटलं.

त्याच वर्षी सुट्टीत तुम्ही आलात आणि गोष्ट सांग म्हणालात. मी उंदराची सांगितली. त्याला चष्मा मीच दिला, मिशाही मीच दिल्या. तुम्ही हसलात की मलाही तो खरा वाटायचा.

निळी वायर माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आहे. घरात लेबल नसलेली तेवढी एकच वस्तू. काल काढून पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवून. गुळगुळीत आहे. नील, उंदीर नव्हताच. रेखाच्या डब्याचं झाकण घट्ट होतं.