पत्रा एक नंबरला जाईपर्यंत

तात्यांची आणि माझी ओळख खजुराच्या बीवरून झाली. मी सौदीत थुवालजवळच्या आमच्या कँपात आलो तो शुक्रवार होता. बॅग अजून हातातच होती. मेसमध्ये बघतो तर सगळे लोक खजूर चघळत, खाली मान घालून इंग्लिश गाणी ऐकत बसलेले. मला वाटलं, कुणी गेलंबिलं की काय. तेवढ्यात पांढऱ्या मिशीचे एक गृहस्थ उठून आले, माझ्या तळहातावर एक खजूर ठेवला आणि म्हणाले, "गाव कुठलं?"

"गुहागरच्या अलीकडे."

"म्हणजे आपलाच. खा. बी मात्र टाकू नको हां. बी म्हणजे मत."

हे श्री. महादेव शिगवण, आमचे तात्या. येत्या शुक्रवारी ते साठ पूर्ण करतायत आणि त्यानंतर फायनल एक्झिट, म्हणजे इकामा, इथला राहायचा परवाना, जमा करून कायमचे घरी. त्यांचा सत्कार करायचा ठरला तेव्हा जेद्दाच्या मराठी मंडळातले जोशीसर मला म्हणाले, "तू त्यांच्या खोलीतला, तूच लिही. जरा बरं लिही." बरं म्हणजे कसं, ते मला शाळेतही कुणी पटवू शकलं नाही. तेव्हा बोलतो तसंच लिहितो, तात्यांनी गोड मानून घ्यावं.

तात्या एसीचे डक्ट बनवतात. इथल्या विद्यापीठात मोठमोठे शास्त्रज्ञ गार हवेत बसून डोकं चालवतात, ती हवा तात्यांनी वाकवलेल्या पत्र्यातून येते. गावी ते शिमग्याला नमन-खेळ्यांत मृदंग वाजवायचे. इथे मृदंग नाही, म्हणून ते दुसऱ्याचं वाजवणं ऐकतात. ते दुसरे कोण, ते सांगितल्याशिवाय तात्या कळणार नाहीत.

तात्यांच्या आधीच्या साइटवर एक अमेरिकन इंजिनियर होता. तो घरी जाताना कॅसेटचा खोका मागे टाकून गेला. खोक्यात एकाच रॉक बँडच्या सगळ्या कॅसेटा, पहिलीपासून शेवटच्यापर्यंत. कव्हरवर जिथे जिथे बाईचा दंड नाहीतर गुडघा होता तिथे तिथे इथल्या सेन्सॉरने काळं मार्कर फिरवलेलं. बँडचं नाव मोठं आहे, पण तात्या त्यांना "मंडळी" म्हणतात, म्हणून आम्हीही मंडळीच म्हणतो.

त्या वेळी कँपाच्या बसमध्ये सकाळी गाणं कुठलं लावायचं यावरून रोज मारामारी व्हायची. मल्याळी लावलं की बिहारी उठायचे, भोजपुरी लावलं की आपले कोकणातले शिट्ट्या मारायचे. तात्यांनी खोका उचलून बसमध्ये नेला. म्हणाले, "इंग्लिश आपल्यात कुणाच्याच आईची भाषा नाही. भांडायचं कारणच नाही." तर लोक त्यातही भांडायला लागले, मंडळींचं कुठलं गाणं म्हणून. मग तात्यांनी मतदान काढलं.

पद्धत अशी. शुक्रवारी जेवण झालं की मेसच्या टेबलावर कागदी कप मांडायचे, एका गाण्याला एक कप. माणशी एक खजूर, माणशी एक बी. आवडेल त्या गाण्याच्या कपात बी टाकायची. जे गाणं एक नंबरला येईल ते पुढचा आठवडाभर रोज सकाळी ड्रायव्हर शाजीभाईंच्या बसमध्ये वाजणार. मोजणार तात्या. आणि तात्यांनी स्वतःला एक नियम घातला: मोजणाऱ्याने मत द्यायचं नाही.

गाण्यांना नावं आमचीच. एक "रिव्हर्स", कारण सुरुवातीला गिटार डंपर मागे घेतल्यासारखं वाजतं. एक "मिक्सर". एक "रडकं", त्यात गायक फारच हळवा होतो. आणि एक "पत्रा", कारण त्यातला ड्रम पत्र्यावर मोगरी पडल्यासारखा येतो. हा पत्रा तात्यांचा जीव की प्राण. आणि पत्रा एवढ्या वर्षांत एकदाही एक नंबरला आला नाही. हे त्यांचं एकच दुखणं, बाकी शुगर वगैरे किरकोळ.

मी एकदा मोबाइलवर मंडळींची सगळी कुंडली काढली आणि तात्यांना वाचून दाखवली. पहिली कॅसेट तिकडे कुणी हुंगली नाही. दुसरी जेमतेम. तिसऱ्या कॅसेटमधलं रिव्हर्स धाडकन वर गेलं आणि पोरं रातोरात श्रीमंत झाली. मग रडकं आलं, ते तर तिकडे एक नंबरला जाऊन बसलं ते हलेना. त्यानंतरच्या कॅसेटमध्ये त्यांनी काहीतरी वेगळं करायला घेतलं, ती आपटली, गायक रुसून निघून गेला. पुढे पुन्हा एकत्र आले, जुनी गाणी नवी म्हणून विकली, वगैरे. पत्रा त्या आपटलेल्या कॅसेटवरचा. तो एकटा, वेगळा विकायला कधी निघालाच नाही. तिकडच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव नाही.

मी म्हटलं, "तात्या, तुमचा पत्रा अमेरिकेतही पडला."

"पडला कसा? उभाच नव्हता केला त्यांनी," तात्या म्हणाले. "आणि तिकडचं मला सांगू नको. तिथे ज्याच्या खिशात जास्त त्याची मतं जास्त. इथे मुदीर असो नाहीतर हेल्पर, बी एकच."

पत्र्यात एवढं काय आहे, असंही मी विचारलं होतं. तात्यांनी कॅसेट मागे नेली आणि ऐकवलं. मध्येच ड्रमवाला थांबतो. बाकीचे वाजवत पुढे जातात, तो नाहीच. आपल्याला वाटतं हा गेला चहा प्यायला. आणि मग तो परत येतो, बरोबर जिथे यायला पाहिजे तिथे. "वाजवणारे बक्कळ आहेत," तात्या म्हणाले. "थांबून परत जाग्यावर येणारा दाखव मला."

आता मुदीरांची गोष्ट. मुदीर म्हणजे आमचे कँपबॉस, इजिप्तचे, आवाज भोंग्यासारखा. एका शुक्रवारी ते अचानक मेसमध्ये आले आणि कप, बिया, गर्दी बघून त्यांची खात्री पटली की इथे जुगार चालतो. ही साधी गोष्ट नाही, याच्यावर लोकांना घरी पाठवतात. मी हळूच टेबलाखाली बघितलं, तिथे माझ्याआधीच दोघं होते. तात्या तेवढे जागचे हलले नाहीत. "मुदीर, नो फुलूस. पैसा नहीं. म्युझिक." आणि त्यांच्यासमोर एक खजूर धरला. "बैठो. सुनो. फिर जिसको देना है उसको दो."

मुदीर बसले. सगळी गाणी ऐकली. रडकं लागल्यावर त्यांनी खिशातून टिश्यू काढला. नंतर बी पुसून रडक्याच्या कपात टाकली आणि कुणाकडे न बघता निघून गेले. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांत आधी येऊन बसले. तेव्हापासून त्यांचं मत रडक्याला ते रडक्यालाच.

तात्यांची माया मी दुसऱ्या एका शुक्रवारी बघितली. त्या दिवशी माझ्या बहिणीचं लग्न होतं आणि माझा इकामा रिन्यूत अडकलेला. मी कुणाला बोललो नव्हतो, उलट सकाळपासून लोकांच्या चपला लपवत फिरत होतो. तात्यांनी ओळखलं. त्यांनी जाहीर केलं, आज मतदान पुढे ढकललं. सगळ्यांना इस्त्रीचे शर्ट घालून मेसमध्ये बोलावलं. बिया मोजायच्या ट्रेमध्ये हळद लावलेले तांदूळ. कपांची उतरंड करून तिला व्हिडिओ कॉल लावून माझा फोन टेकवला, आणि तिकडे मंगलाष्टकं सुरू झाल्यावर इकडे केरळ, बिहार, नेपाळ सगळे उभे राहून फोनवर अक्षता टाकायला लागले. शाजीभाईंनी एवढ्या मनापासून टाकल्या की नंतर चार्जिंगच्या भोकातले तांदूळ टाचणीने काढायला लागले. शेवटी तात्यांनी टेप चालू केला. "माझ्याकडे वाजंत्री एवढीच आहे," म्हणाले. तिकडून बहीण विचारते, "दादा, हे मागे कोण पत्रा बडवतंय?"

तर या माणसाचे दोन महिने उरले तेव्हा आम्ही ठरवलं, जायच्या आधी पत्रा एक नंबरला आणायचा. पुढच्या मतदानाला सगळ्यांनी आपापली बी पत्र्याच्या कपात टाकली. मुदीर त्या दिवशी सुट्टीवर होते. तात्या मोजायला आले, बाकीचे कप रिकामे बघितले आणि भरलेला कप ट्रेवर उपडा केला.

"हे मतदान नाही," ते म्हणाले. "हा आहेर आहे. आणि आहेर मी घेत नाही. परत खजूर वाटा."

परत घेतलं. पत्रा सातवा आला.

त्या संध्याकाळी मी खोलीत त्यांना विचारलं, "तात्या, प्रचार चालतो का?"

"प्रचार चालतो. कुठल्या निवडणुकीत चालत नाही?"

एवढं मला पुरे होतं. बसमध्ये लावता येत नाही, तिथे फक्त एक नंबरचं. म्हणून मी नळावर लावला, जेवणाच्या लायनीत लावला, मेसमधल्या निम्म्या लोकांच्या फोनची रिंगटोन त्यांना न विचारता बदलली. लोक शिव्या घालायचे आणि शिव्या घालता घालता बोटं टेबलावर तोच ठेका धरायची. एका सकाळी टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या भाषणाला, मुदीर शिडी कशी धरावी ते स्पीकरवर समजावून सांगत होते. त्यांचा स्पीकर माझ्या फोनला जोडलेला होता हे त्यांना माहीत नव्हतं. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पत्रा सुरू झाला.

"मीन? किसने किया?" मुदीर ओरडले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणी विचारसुद्धा केला नाही. त्या शुक्रवारी मला मेसची भांडी घासायला लागली, पण पत्रा पाचवा आला. पुढे चौथा. मग तिसरा. तात्या फक्त पत्र्याचा कप मोजताना आधी हात पुसायचे.

आणि मग गेला शुक्रवार. तात्यांच्या हातचं शेवटचं मतदान. सगळ्यांनी बिया टाकल्या, तात्यांनी मोजल्या. रिव्हर्स मागे, मिक्सर मागे. पत्रा आणि रडकं सारखे. आणि एक मत यायचं राहिलं होतं. मुदीर खजूर फार सावकाश खातात.

आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत बसलो. शाजीभाई त्यांच्या कानाशी जाऊन कुजबुजले, "मुदीर, आज तात्या का लास्ट है." मुदीरांनी मान डोलावली. बी काढली, टिश्यूने पुसली, उठले. पत्र्याच्या कपापाशी थांबले. तात्यांकडे बघितलं. मग हात पुढे नेला आणि बी रडक्यात टाकली.

"शिगवण," ते म्हणाले, "तुम मेरा भाई है. लेकिन वो गाना अच्छा नहीं है."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तात्या हसायला लागले. एवढे हसले की पाणी द्यायला लागलं. मुदीरांना त्यांनी मिठी मारली, आणि ते बिचारे घाबरले.

"तात्या, हरलात तुम्ही," मी म्हटलं.

"अरे गाढवा," डोळे पुसत तात्या म्हणाले, "ह्याने खरं दिलं. म्हणजे बाकीच्यांनीही खरंच दिलं ना."

मग उठला प्रश्न, आता मोजणार कोण. मी लगेच सुचवलं, मुदीरांना करू या, मोठा माणूस आहे, शोभतो. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "मोजणाऱ्याला मत नाही. त्यांचं मत काढायला त्यांना पद देतोस होय? लबाड." आणि बिया मोजायचा ट्रे त्यांनी माझ्याच हातात दिला. इथून पुढे मोजणार मी. म्हणजे पत्र्याचं एक हक्काचं मत गेलं.

तेव्हा तात्या, साठीच्या निमित्ताने आमची एवढीच विनंती आहे. गावी जा, नमनात परत मृदंग गळ्यात घाला, बरोबर जाग्यावर या. शुगरची गोळी चुकवू नका, खजूर एकच खा. आम्ही इथे दर शुक्रवारी कप मांडणार आहोत. पत्रा ज्या दिवशी एक नंबरला येईल त्या दिवशी शाजीभाईंच्या बसमधून तुम्हाला फोन येईल आणि मागे तो वाजत असेल. पण आहेर आम्ही करणार नाही, मुदीर काही बदलत नाहीत, आणि माझं मत तुम्हीच काढून घेतलंत. त्यामुळे वेळ लागणार आहे. पंधरा वर्षं लागतील, चाळीसही लागतील. तो फोन तुम्ही स्वतः उचलायचा आहे, ठणठणीत आवाजात, तेवढं आयुष्य तुम्हाला असायलाच पाहिजे.