पिस्टनवरचा दाणा

"तुम्ही रॉकेल मिसळलंय डिझेलमध्ये," मी बबनरावांना म्हणालो. तेही बाजाराच्या दिवशी, भरल्या दुकानात.

बबनराव पिंपरी पेंढारचे बागायतदार. दसऱ्याला आमच्याकडून नवं कोरं डिझेल इंजिन घेऊन गेले होते. विहिरीवर बसवलं, पण ते एकदाही सुरू झालं नाही. हँडल मारलं की पांढऱ्या धुराचा भपकारा, बस्स. तिकडे टोमॅटोची कोवळी रोपं माना टाकत होती. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नारायणगावात कांतीशेठच्या इंजिन एजन्सीत मी मेकॅनिक होतो.

आधी विहिरीवर जाऊन बघायला हवं होतं. पण टेस्टिंग मी स्वतः केलेलं. दुकानात पहिल्या हँडलला सुरू झालेलं इंजिन शेतावर बिघडलं, म्हणजे गिऱ्हाइकानंच काहीतरी उपद्व्याप केला, असा माझा खाक्या होता.

बबनरावांचा चेहरा उतरला. चार ओळखीची माणसं ऐकत होती. ते हळूच म्हणाले, "मी असलं कंदी केलं नाय. नाव घेतलंय, तर आता दाखवा कसं ते."

मग काय, मला चेवच चढला. काउंटरवर कंपनीनं दिलेलं मॉडेल होतं. खऱ्या इंजिनासारखंच, पण सिलिंडर पारदर्शक प्लॅस्टिकचा. हँडल फिरवलं की आतला पिस्टन, व्हॉल्व्ह, सगळं हलताना दिसायचं. जिथं डिझेलचा फवारा उडतो तिथं एक लाल बल्ब लागायचा. दुकानाची शान होती ती. दसऱ्याला त्याचीही पूजा व्हायची.

मी मॉडेल पुढे ओढलं आणि शिकवायला लागलो. पिस्टन खाली गेला की इनलेट व्हॉल्व्ह उघडतो, हवा आत येते. मग व्हॉल्व्ह बंद होतो, पिस्टन वर येऊन हवा दाबतो. दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. त्याच्या धक्क्यानं पिस्टन खाली जातो, आणि परत वर येताना धूर बाहेर ढकलतो. डिझेलच भेसळीचं असलं तर पेटणार कसं, असं मी म्हणणार होतो.

तेवढ्यात बबनराव वाकले. "मिस्त्री, ती झडप तर लागतच नाय. आन् त्यो लाल दाणा कसला?"

मी वाकून पाहिलं. इनलेट व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये कुंकू लागलेला तांदळाचा दाणा अडकला होता. व्हॉल्व्हला बारीकशी फट राहिली होती. म्हणजे दाबलेली हवा आल्या वाटेनं परत जाणार. हवा दाबली जाणार नाही, तापणार नाही, डिझेल पेटणार नाही. नुसता पांढरा धूर निघणार.

माझा हात हँडलवरच राहिला. बबनरावांचं इंजिन टेस्ट केल्यावर मीच त्याची पूजा केली होती. हवा गाळणारा एअर क्लीनर वेगळ्या खोक्यात येतो, तो शेतावर बसवतात. त्यामुळे हवा घ्यायचं तोंड उघडंच होतं. आणि मी हौसेनं मूठभर अक्षता उधळल्या होत्या.

कांतीशेठ फक्त म्हणाले, "पाने-पकड घे आणि निघ."

विहिरीवर जाऊन सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं. व्हॉल्व्हच्या बैठकीवर तांदळाचा लालसर चुरा चिकटलेला होता. पुसून काढला, हेड बसवलं, हँडल मारलं. पाणी पाटात पडलं तेव्हा बबनरावांच्या घरच्यांनी मला चहा दिला. कप बाजूला ठेवला. मी मान खाली घालून म्हणालो, "बबनराव, चुकलं माझं."

ते पाण्याकडेच बघत होते. "मला रॉकेलवाला म्हणला ते दुकानात. हितं बांधावर माफी मागून काय उपेग?"

पुढच्या बाजारी ते आले, तीच माणसं बरोबर घेऊन. मी सगळ्यांसमोर सांगितलं की डिझेल चोख होतं आणि तांदूळ माझे होते. बबनरावांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि एअर क्लीनरचं ऑइल मागितलं.

ते गेल्यावर मी मॉडेलमधला दाणा काढायला गेलो. तो व्हॉल्व्हवरून निसटून पिस्टनवर पडला होता. कांतीशेठनी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. "राहू दे तिथं," म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्याकडे पूजेआधी इंजिनाच्या तोंडाला फडकं बांधायचं, असं ठरलं. नियम चांगला आहे, कोणीही पाळावा. पण मी एजन्सी सोडेपर्यंत मॉडेलचं हँडल फिरवलं की तो लाल दाणा पिस्टनवर बसून वर-खाली व्हायचा. येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारायचं, मिस्त्री, हे काय? आणि उत्तर द्यायची जबाबदारी शेठनी माझ्यावरच टाकली होती.