तांबड्या पट्ट्याची घागर

सुशीलाक्का गेल्याचं मला शाळेत कळलं. शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. मी ती वाचली आणि पुढचा धडा तसाच शिकवला... काय शिकवलं ते मात्र विचारू नका. साथीच्या दवाखान्यातली नर्स, आमच्या चाळीत भिंतीला भिंत लावून राहणारी, वय अवघं त्रेचाळीस. हृदय थांबलं म्हणे. चार दिवसांनी चाळीनं शोकसभा घेतली. चाळीचे अध्यक्ष तात्या बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ‘सेवामूर्ती’, ‘आपल्या चाळीचं भूषण’ असले शब्द अक्षतांसारखे उधळले. आवाज मुद्दाम कापरा केला. मागे बसलेल्या मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला. मी रडतेय असं वाटून दोन बायकांनी पाठीवरून हात फिरवला.

आमच्या चाळीत पाण्याच्या रांगेत माणूस उभं राहत नाही, भांडं उभं राहतं. बहात्तरच्या दुष्काळात नळ सकाळी जेमतेम तासभर यायचा. आदल्या संध्याकाळी घागर ठेवून नंबर लावायचा आणि दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही, हा चाळीचा कायदा. यावरून शिव्या झाल्या, झिंज्या उपटल्या गेल्या, पण कुणी कुणाची घागर हलवली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शहरात कॉलरा आला आणि हा एवढा मोठा कायदा पंधरवड्यात मोडला... एकाच घागरीपुरता.

सुशीलाक्का दिवसभर लोकांना सलाईन लावायची. अंगातून जेवढं पाणी गेलं तेवढं मोजून परत आत घालायचं, हेच तिचं काम. विणकरांच्या घरची तेलुगू माणसं पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हणत, अक्कलकोटकडची कानडी माणसं ‘नीरु’, कुणी ‘पानी’ म्हणे. “शेवटी शेवटी भाषा लागत नाही गं,” ती मला म्हणाली होती, “ओठ हलले की कळतं.” सलाईनच्या बाटल्या संपल्या त्या दिवशी एका तरुण विणकरणीनं तिचा हात धरूनच जीव सोडला. तो हात सोडवायला तिला दुसऱ्या नर्सची मदत घ्यावी लागली. ती घरी आली, तर तिची घागर रांगेतून काढून गटारीच्या कडेला ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी त्या घागरीच्या गळ्याभोवती तांबड्या रंगाचा पट्टा आला. चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. पट्टा तात्यांनी स्वतः ओढला. रंग आमच्या दाराची चौकट रंगवून उरलेला. डबा माझ्या आईनं दिला आणि घट्ट बसलेलं झाकण मी चमच्यानं उघडून दिलं. हे मी शोकसभेत सांगितलं नाही.

“सिस्टर, राग मानू नका,” तात्या तिला म्हणाले. “तुमी साथीतनं येता की. सगळ्यांचं भरून झालं की नळ तुमचाच हाय.”

“पाणी उकळून प्या तात्या,” ती म्हणाली. “घागर रंगवून काय होतंय?”

सगळ्यांचं भरून होईपर्यंत नळ गेलेला असायचा. ती दवाखान्यातून किटलीभर पाणी आणायची, तेही उकळायची. सगळ्या चाळीत पाणी उकळणारी ती एकटी, आणि पट्टा तिच्याच घागरीला! बाकीचे शहाणे तेच कच्चं पाणी गटागट पीत होते. त्यातलेच एक तात्या. आठवड्याभरात त्यांना खाटेवर घालून न्यावं लागलं. सुशीलाक्कानं तीन दिवस त्यांच्यात बाटल्या ओतल्या. ते घरी आले तेव्हा हार आला, पेढे वाटले. तिच्या दारातही एक पेढा आला, कागदावर, उंबऱ्याबाहेर ठेवलेला.

त्या संध्याकाळी ती रिकाम्या घागरीसमोर बसली होती. रडत नव्हती. “मला आता कुणाचं वाईटच वाटत नाही गं,” ती म्हणाली. “माणूस गेलं की पहिलं मनात येतं, खाट मोकळी झाली... माझी आई जन्मभर लोकांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्याली. आम्ही बौद्ध झालो, मी नर्स झाले. वाटलं होतं, आता माझी घागर सगळ्यांच्या घागरीत राहील.” उठून ती घागर रांगेत ठेवायला मला दहा पावलं चालावी लागली असती. आमच्या खिडकीत माझी आई उभी होती. मी चालले नाही.

साथ ओसरली. घागर रांगेत परत आली, कारण बाळंतपणाला आणि इंजेक्शनला सिस्टर लागायचीच. कुणी माफी मागितली नाही. पट्टा पुसायला मी रॉकेलचा बोळा घेऊन गेले तर ती म्हणाली, “राहू दे. माझा नंबर कुणाला विसरायचा नाही.” पण त्यानंतर कुठं नळ टपकला की ती बोलता बोलता उठायची, बंद करून यायची आणि काय बोलत होती ते विसरायची. त्या उन्हाळ्यातून ती पुरती परत आलीच नाही, असं मला वाटतं.

तिच्या भावानं सामान नेलं आणि घागर माझ्या हाती दिली. परवा संध्याकाळी मी ती रांगेत पहिली ठेवली. कुणी हलवली नाही. तात्यांनी तर तिला हात जोडले. सकाळी भरून घरात आणली. आईनं तांबड्या पट्ट्याकडे पाहिलं.

“बाकीच्याला वापर की,” ती म्हणाली. “पूजेच्या पाण्याला तेवढी दुसरी घे.”

साथ जाऊन सहा वर्षं झाली, सुशीलाक्काला जाऊन महिना. मी आईकडे बघितलं, घागरीकडे बघितलं. तात्यांच्या भाषणाला हसले होते मी... मग मी दुसरी घागर उचलली आणि नळावर गेले.