किल्लीसोबत सोपवलेलं शेत

मंडईत ओल्या झेंडूचा वास आला की कर्वेनगरच्या घरातले जुने दिवस आठवतात. आई तेव्हा कॉम्प्युटरवर शेतीचा खेळ खेळायची. वेळेवर तोडणी झाली नाही की त्यातलं पीक वाळून जायचं. आम्ही लग्नाला नागपूरला निघालो, तेव्हा तिने शेजारच्या काकूंना किल्ली देऊन विनवलं, "गॅलरीतल्या मोगऱ्याला पाणी घाला आणि कॉम्प्युटरवरचा झेंडू तेवढा वेळेवर तोडा." "खोट्या फुलांनाही राखणदार लागतो का?" काकू म्हणाल्या. परतलो तेव्हा मोगरा सुकला होता आणि पडद्यावरचं शेत नव्याने लावलेल्या झेंडूने पिवळंधमक फुललं होतं. "अहो, मोगरा विसरलेच," काकू ओशाळल्या, "इथून उठवतच नव्हतं." आई खळखळून हसली आणि तिने काकूंसाठी कॉम्प्युटरसमोर दुसरी खुर्ची मांडली. मोगरा पुढे पुन्हा फुटला. ती खुर्ची मी अजून हलवलेली नाही.