साहेबांच्या माशांना नैसर्गिक जेवण

जनाबियातलं ते तळं माझ्यामुळे आटलं, असं आमच्या घरात आजही सांगितलं जातं. तळं आटलं, हे खरं आहे. माझ्यामुळे, हे मला मान्य नाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं साल असेल. मी बहरीनमध्ये अदलियातल्या एका कंत्राटदार कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. आमचे साहेब कॉलिन, ऑस्ट्रेलियन. लालबुंद चेहरा, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि आवाज असा की टेलिफोन नसता तरी चाललं असतं. जनाबियातल्या आपल्या व्हिलाच्या बागेत त्यांनी हौसेने एक तळं खणून घेतलं होतं. सिमेंटचं नाही हां! वडिलांच्या शेतावर होतं तसं, मातीच्या बांधाचं. त्यात त्यांनी थेट ऑस्ट्रेलियाहून, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून आणलेले पर्च मासे सोडले होते. रुपेरी रंग, पाठीवर काटे, तळहाताएवढे. चाळीसेक होते. साहेब रोज सकाळी त्यांना नावानिशी हाका मारत. मला मात्र चार वर्षं झाली तरी 'सतीश' ऐवजी 'सॅटिश'च म्हणत.

त्या डिसेंबरात साहेब बायकोच्या माहेरी, इंग्लंडला निघाले. तीन आठवडे. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सॅटिश, घरात राहायला ये. बायको-मुलीला घेऊन ये. फक्त माशांना दिवसातून दोनदा एक-एक डबा गोळ्या टाकायच्या. दुसरं काही करायचं नाही. काहीही नाही. समजलं?"

"यस सर," मी म्हणालो.

आता हा प्रश्न साधा नव्हता. माझा व्हिसा कंपनीचा, कंपनीत शब्द साहेबांचा, आणि साहेबांचा जीव माशांत. म्हणजे माझी नोकरी सरळसरळ त्या तळ्यात पोहत होती.

गुदैबियातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून आम्ही व्हिलात आलो. बायको शैला, आठ वर्षांची मिनू, आणि व्हिजिट व्हिसावर देवगडहून आलेल्या माझ्या सासूबाई. शैलाने घरभर फिरून शेवटी बाथरूमचं दार उघडलं आणि उभीच राहिली. बाथटब! पांढराशुभ्र! "तीन आठवडे मी यातच राहणार," तिने जाहीर केलं. सासूबाई तळ्यापाशी गेल्या. माशांना गोळ्या टाकताना मला बघून म्हणाल्या, "जावयानू, आमच्याकडे माणूस मासो खाता. हय माणूस माश्याक जेवण वाढता!"

मला ते लागलं. त्या गोळ्यांचंही मला वाईट वाटायला लागलं. करड्या, कोरड्या, भुश्याच्या वासाच्या! साहेबांच्या कपाटात मासे पाळण्यावरची मासिकं होती. एकात लेख सापडला : तळ्यातल्या पर्चसाठी क्रेफिश हे उत्तम नैसर्गिक खाद्य. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली शेवंड. तशाच मिशा, वर खेकड्यासारख्या नांग्या, फक्त आकाराने लहान. मी तो लेख दोनदा वाचला. (लेख पुढच्या पानावर चालू होता, हे मला नंतर कळलं. पान उलटायचं राहून गेलं. असं कुणाचंही होतं.)

आणि योगायोग बघा! तिसऱ्याच दिवशी दारात एक घामाघूम गोरा माणूस उभा. हातात थर्माकोलचा खोका. साहेबांच्या पर्थमधल्या मित्राने नाताळची भेट पाठवली होती. साहेब इंग्लंडला गेलेत, हे त्या मित्राला ठाऊकच नव्हतं. खोका माझ्या हातात देऊन पाहुणा टॅक्सीत बसला. उघडला तर ओल्या गोणपाटात दोन-अडीच डझन क्रेफिश, वीतभर लांब, जिवंत, आणि सगळे माझ्याकडे रोखून बघणारे! वर चिठ्ठी : 'कॉलिनसाठी. गार आणि ओलं ठेवा.'

"गार आणि ओलं!" मी म्हणालो. "म्हणजे तळंच की!"

"अहो, साहेबांना फोन करून विचारा तरी," शैला म्हणाली.

"त्यांना सरप्राईज देऊ."

सासूबाईंनी खोक्यात वाकून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर देवगडचं बंदर उजळलं. "शेवंडा गो बाय! जावयानू, ही खावची वस्तू! माश्यांका खावक घालूची नाय!"

"सासूबाई, हे नैसर्गिक खाद्य आहे. छापून आलंय."

"छापणाऱ्यान कधी शेवंड खाल्ली नसतली," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या.

मी खोका तळ्यात रिकामा केला. चिठ्ठीत 'तळ्यात सोडू नका' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. (शैला म्हणते, 'सोडा' असंही लिहिलेलं नव्हतं. तिला वाद घालायची सवयच आहे.)

पहिले दोन दिवस मासे दिसेनात. मी म्हटलं, पोट भरलं असेल, झोपले असतील. गोळ्या बंदच केल्या! नैसर्गिक खाद्य मिळाल्यावर गोळ्या कशाला? चौथ्या दिवशी मिनू तळ्याकाठून ओरडली, "पप्पा! दे आर नॉट ईटिंग! दे आर गेटिंग ईटन!"

"तू उलटं बघतेयस, बाळा."

गेलो. सुलटंच होतं. एका कोपऱ्यात सगळे पर्च एकमेकांना चिकटून उभे, आणि एक क्रेफिश त्यातल्या एकाच्या शेपटीला लोंबकळतोय! न उलटलेलं पान मी तेव्हा उलटलं. तिथे लिहिलं होतं, खाद्य म्हणून क्रेफिशची अंगठ्याएवढी पिल्लं द्यावीत. आणि मोठे क्रेफिश मातीच्या बांधात बिळं करतात, म्हणून मातीच्या तळ्यात कदापि सोडू नयेत. 'कदापि' ठळक अक्षरांत होतं.

"काय लिहिलंय?" शैलाने विचारलं.

"विशेष काही नाही," मी मासिक मिटून म्हणालो. तत्त्व बरोबर होतं, आकारात थोडा फरक पडला होता. ड्रॉइंगमध्ये असं होतं, आम्ही त्याला रिव्हिजन म्हणतो. मी पुन्हा डबे भरभरून गोळ्या टाकायला सुरुवात केली. त्याही क्रेफिशनीच खाल्ल्या.

मग शेजारचे हाजी मन्सूर आले. बांधापलीकडे त्यांची खजुराची बाग आणि जनावरांसाठी लावलेली लसूणघास. म्हातारा भला माणूस, तरुणपणी मुंबईला व्यापाराला जायचा, हिंदी बोलायचा. हसत हसत म्हणाला, "रफीक, मेरे दोस्त, तुमने मेरे घास को पानी दिया? माशाल्ला! बहुत शुक्रिया!"

मी पाणी दिलं नव्हतं. मी धावत बांधावर गेलो. बांधात मुठीएवढी सात भोकं, आणि प्रत्येकातून पाण्याची धार! माझा पायजमा एका भोकात गेला, शैलाचा टॉवेल दुसऱ्यात, साहेबांचे गुडघ्यापर्यंतचे दोन मोजे तिसऱ्या-चौथ्यात. पाचवं बुजवेपर्यंत आठवं उघडलं. क्रेफिश आतून, मी बाहेरून. ते दोन डझन, मी एकटा. तरी मी हार मानली नाही. सलग पाच दिवस ऑफिसातून आलो की बांध. ऑफिसात सगळ्यांना वाटलं मी व्यायाम सुरू केलाय.

साहेब रविवारी येणार होते. त्याआधीच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहाला बांधाचा कोपराच बसला. भसकन! पाणी हाजींच्या घासात. पाण्याबरोबर क्रेफिशही घासात, नांग्या वर करून, मिरवणूक निघाल्यासारखे! हाजींचं गाढव एकदा बघून जे पळालं ते थेट रस्त्यावर.

"शिनु हाधा?" हाजी ओरडले. हे काय आहे, असं ते तीनदा अरबीत आणि दोनदा हिंदीत ओरडले.

"खाना है, हाजी! मछली का खाना!"

"तो मछली किधर है?"

मछली चिखलात तडफडत होती. "बादल्या!" मी ओरडलो. शैला एका हातात बादली, दुसऱ्या हातात मिनूच्या पुस्तकांची प्लास्टिकची टोपली घेऊन धावली. तळाशी उरलेलं पाणी आणि मासे भरून आम्ही घरात पळत होतो. जागा एकच होती. शैलाने बाथटबकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मग तिनेच भोकाला बूच लावलं आणि पहिली बादली ओतली.

इकडे सासूबाईंनी आयुष्यातली सर्वोत्तम शिकार सुरू केली होती. लुगड्याचा काष्टा घालून, हाजींच्या घासात वाकून, मागून कमरेत धरायचं आणि टोपलीत टाकायचं. "हय एक! थय एक!" हाजींची बायकोही अबाया सावरत त्यांच्या बरोबर. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी अखंड बोलत होत्या.

दुपारी एकला गेटशी टॅक्सी थांबली. साहेब! बायकोला माहेरीच ठेवून, दोन दिवस आधी, लवकरचं विमान मिळालं म्हणून!

मी कमरेपर्यंत चिखलात. हातात फावडं. बांधातून त्यांचाच एक मोजा लोंबतोय. पाणी नाही, मासे नाहीत. साहेबांची बॅग हातातून गळून पडली.

माझ्या मनात तीन उत्तरं तयार झाली : भूकंप, चोर आणि हाजींचं गाढव. पण हाजी शेजारीच उभे होते आणि त्यांना इंग्रजी येत नसलं तरी माझा चेहरा वाचता येत होता. मी ताठ उभा राहिलो. (चिखलात जेवढं राहता येतं तेवढा.)

"सर, मी त्यांना नैसर्गिक खाद्य दिलं. क्रेफिश. एक पान वाचायचं राहिलं. चूक झाली. पण गोळ्या वाईट आहेत, हे माझं मत कायम आहे."

साहेबांनी अगदी हळू आवाजात, जो मी पहिल्यांदाच ऐकत होतो, विचारलं, "मासे?"

"बाथटबमध्ये. छत्तीस."

साहेब धावत आत गेले. आम्ही मागे. ते टबाशी गुडघे टेकून बसले आणि एकेकाला नावाने हाका मारायला लागले. चार नावांना उत्तर आलं नाही. मला खरंच वाईट वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ओलं खोबरं, मिरची, कोकम आणि शेवंडीचा वास आला. साहेबांचं नाक वर झालं. "हे... माझे नाताळचे क्रेफिश?"

"हो सर."

सासूबाईंनी पाट नव्हता म्हणून खुर्ची ओढली आणि ताट मांडलं. साहेब जेवले. बोटं चाटून जेवले. डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीचं किती आणि माशांचं किती, मी विचारलं नाही. तिसऱ्यांदा कालवण घेताना म्हणाले, "सॅटिश, या जगात क्रेफिश खायला दिलेच पाहिजेत. पण मला!"

"मी काय सांगी होतंय?" सासूबाई म्हणाल्या. साहेबांना मालवणी कळली नाही, तरी त्यांनी मान डोलावली.

नोकरी गेली नाही. नवं तळं सिमेंटचं झालं, त्याचं ड्रॉइंग मीच काढलं आणि ते उत्तम होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. वर्षअखेरीला साहेबांनी माझ्या अहवालात लिहिलं : 'ड्रॉइंग चांगलं, मत ठाम, पाण्यापासून लांब ठेवावा.' तो अहवाल बहुधा हेड ऑफिसात कुणी वाचलाच नाही, कारण पुढच्याच महिन्यात त्यांनी मला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर पाठवलं. आख्ख्या बेटाचं पिण्याचं पाणी! सहा वर्षं मी तिथे काढली आणि एक थेंबसुद्धा गळू दिला नाही. आता माझं टेबल तिथल्या इंजिनिअरने पहिल्याच दिवशी गेटबाहेरच्या पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये हलवलं होतं, ही गोष्ट वेगळी.